पऱ्हाटीचा नाताळ

"नाताळ घरी करायचा म्हणजे नेमकं काय काय लागतं हो, सिस्टर?" लताबाईंनी कंबरेएवढ्या भिंतीवरून विचारलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ती नुसती चौकशी झाली असती. पण भिंतीपलीकडे रूथबाई गावित दोरीवरचा पांढरा युनिफॉर्म हातात धरून रडवेल्या चेहऱ्यानं उभ्या होत्या, आणि दुसऱ्याचं रडं लताबाईंच्यानं कधी बघवलं नाही.

"त्यात काय मोठंसं? मी करते की सगळी सजावट," असं त्या बोलून गेल्या.

शहाऐंशी सालचा मार्गशीर्ष चालू होता. रूथबाई जळगावात एका इस्पितळात नर्स होत्या आणि पिंप्राळ्याच्या रस्त्याला लताबाईंच्या शेजारी भाड्यानं राहत. त्यांची आई, साराआजी, पिंपळनेरच्या बाजूला एका खेड्यात असे. मोतीबिंदूनं म्हातारीचा एक डोळा कामातून गेला होता आणि दुसऱ्यावर पडदा धरला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवलं तर हाही गेला. नाताळानंतरच्या शनिवारी ऑपरेशन ठरलं. पण साराआजी दवाखान्यातून पळण्यात पटाईत. धुळ्याला दोन वेळा भरती केलं, दोन्ही वेळा ती दवाखान्याच्याच कपड्यांत एसटी स्टँडवर सापडली. या खेपेला तिनं अट घातली होती. तारा, झाड, गव्हाणीतलं बाळ, सगळं असलं तर थांबेन. नसलं तर नाताळच्याच दिवशी दुपारच्या मोटारीनं परत.

"आणि मला रजा नाही," रूथबाई म्हणाल्या. "अख्ख्या वॉर्डात मी एकटी ख्रिस्ती. तरी म्हणाले, सणासुदीला अपघात फार होतात, तुम्हीच या."

लताबाईंना काळजी वाटली नाही. गौरीची आरास असो की चैत्रातलं हळदीकुंकू, बाजारात पाऊल न टाकता घरातल्या घरात सजावट करावी ती त्यांनीच, असा त्यांचा गल्लीत लौकिक होता. एका वर्षी त्यांनी जुन्या बांगड्या आणि गव्हाच्या कोंड्यातून हिमालय उभा केला होता. शंकराच्या जटेतून गंगाही वाहिली होती, थोडी जास्तच वाहिली, खालच्या फरशीपर्यंत. पण ते असो.

पहिला प्रश्न झाडाचा आला. लताबाईंचे यजमान शालिग्रामराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "त्याला सूचिपर्णी वृक्ष लागतो. वर निमुळता, खाली पसरट, अंगावर बर्फ."

"मग कुठं मिळेल?"

"काश्मीरला."

एवढी बहुमोल माहिती देऊन ते पेपरात शिरले. शेजारच्या बेबाबाईंना मात्र काश्मीरचं भय नव्हतं. त्यांचं जामनेरकडे वावर होतं आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्या वावरातलाच उपाय काढत.

"झाड कशाले शोधतं वं लताबाई? आमच्या वावरात केळी काय कमी हायेत? उद्या मोठा खांब सांगते धाडाले."

"अहो, केळीचा खांब म्हणजे सत्यनारायण वाटेल."

"वाटू दे. देव देवच असतो." मग थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "आणि ते बर्फाचं काय? गोळेवाला थंडीत बसत नाही."

त्या बर्फावरूनच लताबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. बेबाबाईंच्या बांधावरच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेवटची वेचणी अजून राहिली होती. फुटलेली बोंडं, काटकुळ्या फांद्या, वर निमुळती, खाली पसरट. अंगावर आयता बर्फ, तोही न वितळणारा! काश्मीरला हे सुचलं नसतं. बेबाबाईंचे मालक चुडामणभाऊ यांनी पुरुषभर उंचीची एक पऱ्हाटी मुळासकट उपटून बैलगाडीतून आणली. गल्लीतून येताना सगळ्यांनी विचारलं, "भाऊ, सरपण वाटतं?" भाऊंनी मान डोलावली. नाताळचं झाड आहे म्हणून सांगितलं असतं तर उलगडून सांगत बसावं लागलं असतं.

रूथबाईंच्या पुढच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात माती घालून पऱ्हाटी उभी राहिली. आता तिच्यावर टांगायला गोळे हवेत. रूथबाई बोलता बोलता सांगून गेल्या होत्या, की त्यांच्या गावाकडे अंडी अलगद फोडून, टरफलं रंगवून टांगतात. हे बोलणं समोरच्या मेहरुननं ऐकलं. मेहरुनचा नवरा मुख्तार लग्नाचे सेहरे बनवत असे, त्यामुळे चकचकीत वस्तूंच्या बाबतीत ती स्वतःला घरचीच समजे. पुढच्या गुरुवारी सकाळी सकाळी ती वाडगाभर टरफलं घेऊन थेट लताबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी हजर झाली.

आता लताबाईंचा मार्गशीर्षातला नेम असा, की गुरुवारी महालक्ष्मीला दुपारी नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. समोर चौरंगावर कलश, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ. आणि उंबऱ्यावर अंड्यांची टरफलं! लताबाईंनी दोन्ही हात जोरजोरानं हलवले.

"और लगेंगे?" मेहरुन म्हणाली. "इतने में क्या होगा, है ना?"

लताबाईंनी मान हलवली, डोळे मोठे केले, दाराकडे बोट दाखवलं.

"समझ गई भाभी, सिस्टर के घर रख देती. और कल फिर लाती."

ती खरंच आणत राहिली. मेहरुनच्या घरी त्या आठवड्यात तिन्ही त्रिकाळ आमलेट झालं आणि मुख्तार लताबाईंना पाहिलं की पोटावरून हात फिरवू लागला. टरफलं रूथबाईंच्या घरी टोपलीत साठली. पण व्रताच्या महिन्यात त्यांना हात कसा लावणार? लताबाईंनी त्याऐवजी सुपाऱ्या काढल्या, चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद गुंडाळला. छान दिसल्या. दोरा बांधायच्या वेळी मात्र त्यांना आठवलं, की डब्यातल्या सुपाऱ्यांत पूजेत गणपती म्हणून बसलेल्याही काही आहेत आणि आता कुठली कोण हे ओळखणं अशक्य आहे. गणपतीच्या गळ्याला दोरा बांधून त्याला परक्या घरी टांगणं त्यांच्या जिवावर आलं. सगळ्या सुपाऱ्या पुन्हा सोलल्या, हात जोडून डब्यात ठेवल्या, आणि चंदेरी कागद रिठ्यांना चढला. रिठ्यांची कुणी पूजा केलेली नसते. त्यांनी गरीब बिचाऱ्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या डोक्याचा मळ काढला, एकदा नटले तर नटोत.

चांदण्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका निघाल्या. जाड कागद, सोनेरी शाई, फुकटचा माल. पण प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर गजानन! त्याच्यातून कात्री कशी चालवायची? लताबाई त्याला वळसा घालून कापत. त्यामुळे कुठल्या चांदणीला साडेचार टोकं आली, कुठलीला तीनच. शालिग्रामरावांनी एक चांदणी उचलून उजेडात धरली आणि वाचली. "'आमचे येथे श्रीकृपेकरून'. अगं, यात खोटं काहीच नाही, नाताळालाही चालेल." कापून उरलेले छोटे छोटे गणपती लताबाईंनी वेगळे ठेवले, पुढं नदीत सोडायला. सजावट शेजारी व्हायची होती, तरी विसर्जनाचं काम मात्र आपल्याच घरी वाढत चाललंय, हे त्यांच्या लक्षात येत होतं. पण शब्द दिला होता.

मग दारावरचा तारा. त्याला दिवाळीतला आकाशकंदील उपयोगी पडला. त्याचा फाटका भाग मेहरुननं सेहऱ्याच्या जरीनं झाकला. तारा नवरदेवासारखा दिसू लागला. तो वर चढला आणि तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी गिरधरनाना काठी टेकत दारात आले.

"लताबाई, आकाशकंदील तुळशीच्या लग्नापर्यंत. नंतर लावायचा नाही, असा ठराव आहे."

"नाना, हा आकाशकंदील नाही. तारा आहे."

"आत बल्ब आहे?"

"आहे."

"दारावर टांगलाय?"

"टांगलाय."

"मग तो कंदील. ठराव मी स्वतः मांडलाय. आज तुम्ही तारा लावाल, उद्या कुणी चंद्र लावेल. आम्ही काय करायचं?"

लताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शालिग्रामराव मात्र खुलले. नियमाला नियमानं उत्तर देण्याची संधी सुटीच्या दिवशी कुणाला मिळते? त्यांनी तिथल्या तिथं कागद घेऊन अर्ज लिहिला. परगावची, दृष्टी मंद असलेली वृद्ध महिला प्रथमच येत असल्याने तिला घर सापडावे, सबब दाराशी प्रकाशमान दिशादर्शक खूण लावण्यास परवानगी मिळावी.

नानांनी तो दोनदा वाचला. "खूण लावायला हरकत नाही," ते म्हणाले. "खूण तर पाहिजेच." ताऱ्यानं वाट दाखवायची ही कल्पना नानांना इतकी पटली, की जाता जाता त्यांनी वायर जरा उंच बांधायला सांगितली, म्हणजे लांबून दिसेल.

गव्हाणीचं काम लताबाईंना सगळ्यांत सोपं गेलं. गोठा, गाय-बैल, गवत आणि मधे तान्हं बाळ, हे रूथबाईंनी सांगताच त्या म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे हे आपलंच की!" पोळ्याचे मातीचे बैल आले. गोकुळाष्टमीचा लाकडी पाळणा आला. कापडी बाहुलीला जरीचं टोपडं शिवलं. सगळं झाल्यावर त्या थोडं मागं सरून पाहत राहिल्या, आणि मग बोटावर काजळ घेऊन बाळाच्या गालावर एक तीट लावली. हे हातून आपोआप झालं. झाल्यावर जीभ चावली. परक्या देवाला विचारल्याशिवाय तीट लावली!

संध्याकाळी रूथबाई ड्यूटीवरून आल्या. गव्हाणीवर वाकल्या आणि त्यांना तीट दिसली.

"पुसू का हो, सिस्टर?"

"नको," रूथबाई म्हणाल्या. "इतकी माणसं बघायला येणार. लागायचीच दृष्ट."

इथपर्यंत सगळं लताबाईंच्या लौकिकाला साजेसं चाललं होतं. बुधवारी, म्हणजे साराआजी यायच्या दिवशी दुपारी, बर्फ चालू लागला.

बंद खोलीत पऱ्हाटीला ऊब लागली आणि बोंडाबोंडांतून लाल ढेकूण बाहेर आले. मळ्यातल्या माणसाला त्यांचं नवल नाही. पण पांढऱ्या कापसावर, चंदेरी रिठ्यांवर, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'वर ते तांबडे तांबडे ठिपके इकडून तिकडे फिरू लागले तेव्हा लताबाईंनी दारातूनच बेबाबाईंना हाका मारल्या.

बेबाबाई धावत आल्या. "एवढंच ना? ते चावत नाही. असू द्या, रंग उठून दिसतो."

"अहो, पण चालतायत!"

"म्हणून तर. दिव्याच्या माळा नाही का पळत?"

शालिग्रामरावांनी रॉकेलचा पंप सुचवला. पण मार्गशीर्षात जीवहत्या लताबाईंकडून होणं नव्हतं. त्यांनी चहाचा चमचा घेतला आणि एकेक ढेकूण अलगद उचलून दारातल्या जास्वंदीवर नेऊन सोडला. अंधार पडायच्या आत जास्वंद लालभडक झाली, फूल एकही नसताना.

साराआजी तिन्हीसांजेच्या मोटारीनं आली. लताबाईंनी घाईघाईनं चमचा पाठीमागं लपवला. म्हातारी प्रवासानं शिणलेली. तिनं तारा पाहिला असेल-नसेल, झाडाकडे तर वळलीसुद्धा नाही. लेकीनं दिलेली भाकर खाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "घंटा नही, गाना नही. आठे कोठे नाताय शे? मी सकाय दुपारनी मोटरवर जास." आणि घोरू लागली.

लताबाई भिंतीपलीकडे परत आल्या त्या तोंड एवढंसं करून.

दुसरा दिवस नाताळचा. आणि शेवटचा गुरुवार असल्यानं लताबाईंच्या महालक्ष्मीच्या उद्यापनाचाही. रूथबाई पहाटे ड्यूटीवर जाताना सांगून गेल्या, "लताताई, मी बारापर्यंत येतेच. तोवर तेवढं आईकडे लक्ष द्या. जाऊ मात्र देऊ नका." लताबाईंनी मान डोलावली. मौन सुरू झालेलं होतं.

पूजा मांडून त्या पलीकडे डोकावल्या. साराआजी पऱ्हाटीपाशी ओणवी उभी होती आणि बर्फ वेचत होती. डाव्या हातानं बोंड धरायचं, उजव्यानं कापूस ओढायचा, ओच्यात टाकायचा. दिसत नव्हतं तरी एक बोंड चुकत नव्हतं. म्हातारीची उभी हयात दरसाल मजुरांच्या टोळीबरोबर पूर्वेकडे येऊन कापूस वेचण्यात गेली होती. फुटलेला कापूस झाडावर राहिलेला तिच्या बोटांना सोसेना.

लताबाईंनी धावत जाऊन तिचा हात धरला.

"कोन शे व?"

लताबाईंनी हात नुसताच दाबला.

"फुटेल कापूस झाडवर ठेवाना नही, माय. दव पडस, पिवया पडस. कोनी ठेवा हाऊ?"

लताबाईंनी तिचा हात आपल्या छातीला लावला. मी ठेवला.

"तू? आनि हाई चांदन्या, गोटा, बठ्ठं तू करं?" म्हातारीनं लताबाईंच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, ओठांपाशी थांबली. "बोलत का नही व? मुकी शेस?"

आता याला हो म्हणावं तर खोटं आणि नाही म्हणावं तर मौन. लताबाईंनी मान वर-खाली, आडवी, अशी सगळीकडून हलवली. म्हातारीला ती थरथर वाटली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मन्ही आंडेर रूथ बोलनी नही माले. मुकी बाईनी इतलं करं!" मग तिनं दोन्ही हात लताबाईंच्या डोक्यावर ठेवले आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हणाली, "हे बापा, आज तुन्हा दिन शे. हाई गरीब मुकीले वाचा दे. आमेन."

लताबाई डोक्यावर हात असेपर्यंत स्तब्ध उभ्या राहिल्या. आशीर्वाद अर्धवट टाकून जाणं त्यांना जमलं नसतं, मग तो कुणाचाही असो.

एवढं झालं तरी म्हातारीचा बेत बदलला नव्हता. आपल्याकडून प्रार्थना झाली, नाताळ झाला, अशा समाधानानं तिनं कापूस टॉवेलात बांधला, गाठोडं उचललं आणि चपला चाचपू लागली. रूथबाईंचा पत्ता नव्हता. सणासुदीचे अपघात वेळेवर आले असावेत.

लताबाईंची खरी परीक्षा इथं होती. हाक मारावी तर शेवटच्या गुरुवारचं मौन नैवेद्याआधी मोडणार. न मारावी तर म्हातारी चालली, आणि तिच्याबरोबर तिचा डोळाही. त्यांनी पुढचा मागचा विचार न करता साराआजीचा पदर मुठीत पकडला आणि तिला ओढतच आपल्या घरात नेलं.

"आव, कोठे लई जास? मन्ही मोटर!"

डाव्या हातात म्हातारीचा पदर घट्ट, उजव्या हातानं निरांजन. साराआजी जिकडे ओढी तिकडे ज्योत झुके. महालक्ष्मीला त्या वर्षी आरती तिरपी मिळाली. पुरणपोळीचं ताट पुढं सरकवलं, पाण्याचं मंडल वाकडंतिकडं फिरलं, हात जोडायचे तर एकच मोकळा होता, तो कपाळाला लावला. नैवेद्य झाला.

"आई, जाऊ नका हो!" लताबाई म्हणाल्या.

गाठोडं खाली पडलं.

"बोलनी!" साराआजी किंचाळली. "मुकी बोलनी! बापा, मुकी बोलनी!"

बेबाबाई आल्या, मेहरुन आली, गिरधरनाना ठरावबुक घेऊनच आले. त्यांच्यामागून रूथबाई घामाघूम होऊन आत शिरल्या. म्हातारी लताबाईंना मिठी मारून रडत होती.

"अहो आई, ऐका," लताबाई कळवळून सांगत होत्या. "मी मुकी नाही. माझा नेम आहे, गुरुवारी नैवेद्य होईपर्यंत बोलायचं नाही."

"दखा, दखा, कशी भराभर बोलस! आतेच वाचा फुटनी!"

"सिस्टर, तुम्ही तरी सांगा ना यांना. मला खोटेपणा नको."

रूथबाईंनी सांगितलं. बेबाबाईंनी सांगितलं. म्हातारी ऐकेना. तिनं स्वतःच्या हातानं त्या ओठांना चाचपलं होतं आणि ते हालत नव्हते, मग आणखी पुरावा कुणाला हवा? शेवटी ती लेकीकडे वळली.

"तुन्हा डाक्टरले सांग. मुकीले बोलाडं, तो बाप माले काय आंधयीच ठेई? जे कापानं ते काप म्हना."

लताबाई महालक्ष्मीसमोर जाऊन बसल्या. खरं सांगितलं होतं, चारचौघांत सांगितलं होतं. ते कुणी घेतलं नाही, त्याला त्यांचा काय इलाज? तरी संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा त्या जरा अवघडून होत्या. एकजात सगळ्या आधी पलीकडे जाऊन बोडकी पऱ्हाटी, साडेचार टोकांच्या चांदण्या आणि तीट लावलेलं बाळ पाहून येत होत्या आणि कौतुक मात्र लताबाईंच्या घशाचं करत होत्या. आराशीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते त्यांना लागलं. पण गुरुवारी मनाला काही लावून घ्यायचं नाही, हाही त्यांचा एक नेम होता.

शनिवारी ऑपरेशन झालं. साराआजी टेबलावर गुपचूप झोपली. कुणाला तिला शोधत स्टँडवर जावं लागलं नाही. पट्टी निघाल्यावर आठवडाभरानं ती डोळ्यावर हिरवी झापड लावून अंगणात उन्हाला बसली होती. भिंतीशी लताबाई बेबाबाईंना समजावत होत्या, की पऱ्हाटी कशी आणली, रिठे कसे मढवले, ढेकूण चमच्यानं कसे नेले आणि मौनाचा नेम कधीपासूनचा आहे. पुन्हा पहिल्यापासून, कारण बेबाबाईंनाही आता खात्री वाटेनाशी झाली होती.

म्हातारीनं झापड जराशी वर केली. नव्या डोळ्यानं लताबाईंना पहिल्यांदा नीट न्याहाळलं, बराच वेळ ऐकलं, आणि लेकीला जवळ बोलावून हळूच म्हणाली,

"थांबसच नही व. देवनी जराशी जास्तीच वाचा दिधी."